शेवगाव माझ्या शेजारी बसायची

आमच्या गावच्या पंचायतीवर मी निवडून आले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. बायकांसाठी जागा राखलेल्या असत आणि त्या कुणी लढवत नसे. गावातली जाणती माणसं पारावर बसून ठरवत, अमक्याची सून आणि तमक्याची बायको, की विषय मिटला. सासऱ्यांनी जेवताना सांगितलं, "पोरी, तू मेंबर झालीस." मी चुलीपुढं भाकरी थापत होते. "बरं," म्हटलं आणि भाकरी तव्यात टाकली.

त्यानंतर वर्षभर माझी मेंबरकी एवढीच, की पंचायतीचा शिपाई वही घेऊन दारात आला की हात पदराला पुसायचे आणि तो बोट ठेवील तिथं सही करायची. मी कर्जत तालुक्यातल्या खेड्यात दिलेली, माहेरी सातवीपर्यंत शिकलेली. वर काय लिहिलंय ते वाचून मग सही करायची असते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण शिपाई उन्हात उभा असायचा आणि घरात तवा तापलेला असायचा.

एकाहत्तर साली श्रावण लागायच्या आधी तालुक्याहून निरोप आला. बायका मेंबरांसाठी नगरला महिनाभराचं शिबिर आहे, गावातून एकीनं तरी यावं. दुसरी मेंबर पोटुशी होती, म्हणून राहिले मी. सासूबाई म्हणाल्या, "म्हैनाभर बाईमानूस घराबाहेर? आन शिकायचं काय तिथं?" नवरा वडिलांपुढं बोलतच नसे. शेवटी सासऱ्यांनीच सांगितलं, "सरकारनं बोलावलंय. न्हाई गेली तर गावाचं नाव खाली जाईल. जाऊ द्या तिला." त्यांच्या लेखी ते कोर्टाच्या समन्सासारखं होतं. टाळता येत नाही म्हणून जायचं.

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ती आजीजवळ राहिली. एसटीत बसल्यावर मिरजगाव येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडले. मिरजगावच्या पुढं रडू आपोआप थांबलं आणि मी रस्ता बघायला लागले. एकटीनं केलेला माझा तो पहिला प्रवास.

शिबिराची जागा नगरच्या बाहेर, लष्कराच्या छावणीच्या अंगाला होती. जुनी दगडी इमारत, पुढं मोठं पटांगण, कडेला कडुलिंबाची झाडं. पहाटे छावणीत बिगूल वाजायचा आणि आम्ही सगळ्या जणी दचकून उठायचो. पुढं पुढं त्याची एवढी सवय झाली की घरी परतल्यावर कितीतरी दिवस मला त्या वेळेला जाग यायची आणि मी अंथरुणात कान देऊन पडून राहायची. आमच्या गावात त्या वेळेला फक्त जात्याची घरघर असे.

आम्हाला शिकवायला ज्या बाई होत्या, त्या पुण्याकडच्या. किडकिडीत, चष्मा लावणाऱ्या, हातात पुरुषी घड्याळ. गालात सतत लवंग धरलेली असे. त्यांना आमची नावं लक्षात राहायची नाहीत. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला आणि मग सरळ सांगून टाकलं, "बायांनो, माझ्या डोक्यात नावं बसत नाहीत. मी तुम्हाला तालुक्यावरून हाक मारीन." तेव्हापासून आम्ही पाथर्डी, नेवासा, पारनेर, श्रीगोंदा झालो. मी कर्जत झाले. लग्नात माझं नाव बदललं होतं, आणि सासरी तर नावानं हाक मारणारं कुणी नव्हतंच. सुनबाई, वहिनी, अमकीची आई. त्यामुळं "कर्जत, तू सांग" असं बाईंनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला ते नवीन लुगड्यासारखं वाटलं. जरा टोचणारं, पण माझं.

पहिल्या दिवशी पंगतीत जी जिथं बसली ती जागा महिनाभर तिची झाली. माझ्या उजव्या हाताला शेवगाव बसली. उंच, सावळी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असावी. हसताना तोंडावर पदर धरत नसे. तिच्या घरची कोरडवाहू जमीन होती, पण पावसाचा भरवसा नसल्यानं दसरा झाला की सगळं घर उसतोडीला जायचं, कारखान्याच्या मुलखात. होळी उलटली की परत.

त्या पहिल्या पंगतीत स्वयंपाकिणीनं गरम भाकरी ताटात टाकली. शेवगाव तिच्याकडं बघत राहिली.

"ए," ती मला हळूच म्हणाली, "ही दुसऱ्यानं केलेली भाकर हाय."

"मग?"

"मग काय. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच कुनीतरी मला गरम भाकर वाढली. सावकाश खा."

मी सावकाश खाल्ली. मग मान वर करून पाहिलं तर पंगतीतल्या सगळ्याच बाया सावकाश खात होत्या.

शिकवायचे तसे पुष्कळ विषय होते. पंचायतीचा कारभार, लसी, बालवाडी, पिण्याचं पाणी. फळ्यावर लिहिलेलं मी वहीत उतरवून घ्यायची, आणि शेवगावला वाचता येत नसल्यानं दुपारी हौदावर धुणं धुताना ते तिला सांगायची. ती धुणं आपटता आपटता ऐकायची आणि मधेच म्हणायची, "ह्ये पुन्यांदा सांग." खरं सांगायचं तर मलाही ते तिला सांगतानाच कळायचं.

पण बाईंचा खरा जीव होता एका गोष्टीवर. त्या म्हणायच्या, "तुम्हाला प्रश्न विचारता येतो. प्रत्येक बाईला येतो. पण विचारला की तुम्हीच घाबरता आणि तुम्हीच त्याचं उत्तर देऊन मोकळ्या होता. 'विहिरीचं काय झालं भाऊ, नाही, म्हणजे तुम्हालाही काम असतंच म्हणा.' झालं, गेला प्रश्न. विचारायचं आणि तोंड मिटायचं. समोरच्याला बोलू द्यायचं. कितीही अवघड वाटलं तरी आपण तोंड उघडायचं नाही."

ह्याचा सराव म्हणून त्या लुटुपुटीची ग्रामसभा भरवत. एकदा शेवगावला सरपंच केलं. ती खुर्चीत पायावर पाय टाकून बसली, तळहातावर नसलेली तंबाखू मळली, चिमूट दाढेखाली ठेवली आणि "हां, बोला" म्हणाली. सगळा वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. मला प्रश्न विचारायचा होता. मी उभी राहिले.

"सरपंच, शाळेचं छप्पर कधी शाकारनार?"

"करू की. घाई काय हाय."

"न्हाई, पोरं भिजत्यात म्हनून म्हनलं. तुमी करालच."

बाईंनी टाळी वाजवली. "गेला प्रश्न. पुन्हा."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा शेवगाव खुर्चीतून पुढं वाकली आणि सरपंचाचा आवाज सोडून आपल्या आवाजात मला म्हणाली, "अगं, थांब की जरा. तू गप ऱ्हायलीस की मी अडकते. मला कळतंय ना हितं बसून."

मग मी विचारलं आणि गप्प राहिले. शेवगावनं तंबाखू मळली. वर आढ्याकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. पटांगणात कावळे ओरडत होते ते सगळ्यांना ऐकू आलं. शेवटी ती म्हणाली, "बरं बाई, येत्या आठवड्यात," आणि कपाळावरचा घाम खरोखर पुसला. ते नाटक नव्हतं. तिला घाम आला होता.

पुढच्या आठवड्यात बाईंनी आम्हाला जोडीजोडीनं शहरात सोडलं. कुठल्याही कचेरीत जा, आपल्या गावासाठी एक गोष्ट विचारा आणि उत्तर घेऊन या. आमची जोडी ठरलेलीच होती. विचारायचं होतं शेवगावच्या गावच्या विहिरीचं. ती उन्हाळ्यात आटायची, आणि बायका शेजारच्या गावच्या ओढ्यावर जायच्या.

आम्ही एका मोठ्या कचेरीत गेलो. दारातल्या शिपायाला विचारत, चुकत, एका टेबलापर्यंत पोचलो. तिथले कारकून वयस्कर होते, कागदात बुडालेले. शेवगावनं विचारलं, "साहेब, आमच्या गावची हीर खोल करायची हाय. काय करावं लागंल?" त्यांनी मान वर करून आमच्या मागं पाहिलं, बरोबर कुणी पुरुष आहे का म्हणून. कुणी नव्हतं. शेवगाव गप्प. मी गप्प. मला वाटत होतं, पळून जावं. तिनं पदराखालून माझं मनगट धरलं होतं, घट्ट. कारकुनांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एक रिकामं बाकडं दाखवून म्हणाले, "बसा." आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं. ग्रामसभेचा ठराव कसा करायचा, अर्ज कुणाकडं द्यायचा, कोण पाहणीला येतो. मी लिहून घेतलं. निघताना ते म्हणाले, "आजवर हे विचारायला गावाहून बाई आलेली मी पाहिली नाही. जा, ठराव घेऊन या."

बाहेर आल्यावर आम्ही दोघी कचेरीच्या पायरीवरच बसलो.  मग शेवगावला हसू आलं, तिच्यामुळं मला. येणारे-जाणारे बघत होते. तिनं तेव्हाही तोंडावर पदर धरला नाही आणि मीही धरला नाही.

त्या वर्षीची नागपंचमी आम्ही शिबिरातच केली. पटांगणातल्या लिंबाला झोका बांधला. पाथर्डीचा आवाज गोड होता, ती गाणी म्हणायची. बाईसुद्धा झोक्यावर बसल्या, घड्याळ काढून माझ्या हातात देऊन. मला त्या दिवशी माझ्या मुलीची फार आठवण आली. दुपारी मी हौदाच्या आडोशाला जाऊन बसले. शेवगाव मागून आली.  शेजारी बसली आणि म्हणाली, "माझी दोन आईकडं ठिवलीत. उसतोडीला कोपीवर, झोपडीत नेते तवा उसाच्या फडात पाचटावर निजवते, पर डोळ्यापुढं असत्यात. ही पयली येळ लेकरं गावात आन मी भायेर." मग थोड्या वेळानं, "गेल्यावर त्यास्नी सांगू आपन, काय काय केलं त्ये." आम्ही तिथंच बसून राहिलो, झोक्यावरची गाणी संपेपर्यंत.

महिना संपला. शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, पुढंमागं सगळ्यांचा मेळावा घेऊ, काय काय केलंत ते सांगायला यायचं. नगरच्या स्टँडवर शेवगावची गाडी आधी लागली. ती चढली, खिडकीत बसली. मी खाली उभी.  गाडी हलल्यावर ती म्हणाली, "ए कर्जत, मेळाव्याला ये हां. मी जागा धरते."

घरी आले तर मुलगी माझ्याजवळ येईना. आजीच्या लुगड्यामागून एक डोळा काढून बघत राहिली. दोन दिवसांनी आली, आणि आली ती चिकटलीच.

मी पंचायतीच्या बैठकीला जायला लागले. पहिल्या दिवशी मी चावडीत शिरले तर सगळे उठून उभे राहिले, मानानं नव्हे, काय करावं ते न कळून. मग शिपायानं खुर्ची पुसून दिली. सही करायच्या आधी मी वाचायला घेतलं, तेव्हा सरपंच म्हणाले, "वाचा, वाचा. घाई न्हाई." घाई होती हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी वाचलं. काही वावगं नव्हतं. सही केली. एवढंच, पण घरी येताना मला वाटलं, हे कुणाला तरी सांगायला पाहिजे. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं केलंस." तो मनापासून म्हणाला होता, तरी मला शेवगाव धुणं आपटायची त्या हौदावरच्या दगडाची आठवण येत राहिली.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. बाजरी हातभर होऊन करपली. दिवाळीनंतर सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं आणि आमचं घर, शेजारचं घर, सरपंचाचंही घर, सगळी माणसं कामावर जायला लागली. बाप्ये माती उपसायचे, बाया खडी फोडायच्या. पहिल्यांदा लाज वाटली. मग सगळ्यांनीच हातोडा धरल्यावर लाज कुणाची धरायची. कामावर खायला सुकडी, भाजलेल्या पिठाचा गोड भुगा, मिळायची. तिचा गोडसर वास हाताला दिवसभर राहायचा.

बायांची तान्ही लेकरं दगडांच्या ढिगाआड ठेवलेली असायची, लुगड्याचा पदर काठीवर टाकून केलेल्या सावलीत. संक्रांत झाली, ऊन चढायला लागलं. एका दुपारी शेजारणीचं लेकरू उन्हानं तापून निपचित पडलं. पाणी मारून, पाजून ते शुद्धीवर आलं. पण त्या दिवशी सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "तू म्येंबर हाईस ना? मग बोल की."

दुसऱ्या दिवशी कामावरचे साहेब मोजणीला आले. मी हातोडा खाली ठेवला आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, लेकरांना सावली कोन देनार?"

"बघू," ते म्हणाले आणि पुढं चालायला लागले. मी जागची हलले नाही. वाटेतच उभी होते.

"वर लिहावं लागेल बाई. माझ्या एकट्याच्या हातात नाही."

मी गप्प राहिले. आतून सारखं येत होतं, की म्हणावं, बरं साहेब, जमंल तसं करा. ते मी दातांखाली धरून ठेवलं. आणि मग मागं काहीतरी बदललं. हातोड्यांचा आवाज थांबत गेला. जवळच्या बायांचा, मग त्यांच्या पलीकडच्या, मग टोकाच्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी उठलंही नाही. नुसत्या थांबल्या. एवढ्या माणसांचं काम आणि एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

साहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "उद्या बांबू आणि तट्टे पाठवतो. आणि एखादी म्हातारी बघा लेकरं सांभाळायला. तिचं नाव मस्टरवर, हजेरीच्या पटावर घेऊ." मी "बरं" म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. हातोडा उचलला. आजूबाजूला बाया काहीबाही बोलत होत्या, पाठीवर थापा मारत होत्या, पण मी उजवीकडं बघत होते. उजवीकडं आमच्या गावचीच एक बाई होती, चांगली होती. तरी मला वाटलं, शेवगाव आत्ता इथं पाहिजे होती.

होळीनंतर मेळाव्याचं बोलावणं आलं. दुष्काळात काय मेळावा, असं घरचे म्हणाले, पण सासरेच म्हणाले, "जाऊन ये. तुझ्या त्या शाळेमुळं लेकरांवर सावली आली." मी नगरला गेले. तीच इमारत. बाई होत्या, आणखी वाळल्या होत्या. निम्म्या जणी आल्याच नव्हत्या. शेवगाव आली नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी कामावरच्या सावलीचं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तो प्रसंग सांगताना मजा आली नाही, कारण जिला सांगायचा होता ती समोर नव्हती.

संध्याकाळी कर्जतच्या गाडीत बसायच्या ऐवजी मी पाथर्डीबरोबर तिच्या गावी गेले आणि सकाळी शेवगावची गाडी धरली. असं न विचारता कुठं जाणं मी आयुष्यात तेव्हाच केलं. शेवगावच्या गावाचं नाव मला ठाऊक होतं. फाट्यावर उतरून चालत गेले. वाटेत दोन्ही बाजूंना उघडी रानं, गुरं नाहीत, माणसं नाहीत. गावात अर्ध्याहून जास्त दारांना कुलपं. तिच्याही दाराला होतं.

शेजारी एक म्हातारी बाई उंबऱ्यात बसून तूर निवडत होती. मी कोण, कुठली, ते सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली.

"तू कर्जत व्हय?"

"व्हय."

"लई सांगायची तुझं. बस. पानी घे." तिनं तांब्या दिला. पाणी थोडंसंच होतं. "समदी दसऱ्यालाच गेली उसाला. अवंदा ऊस बी कमी, लांब गेलीत म्हनं, कुठल्या कारखान्यावर त्ये ठावं न्हाई."

मग तिनं मला विहीर दाखवायला नेलं. आदल्या उन्हाळ्यात, उसाहून परत आल्यावर, शेवगावनं गावातल्या बाया गोळा करून सरपंचाकडं नेल्या होत्या. ठराव करून घेतला होता. अर्ज घेऊन एकटी नगरला गेली होती, त्याच टेबलापाशी. विहीर खोल झाली होती. पुढचा पाऊसच न झाल्यानं पाणी तळाला होतं, पण होतं. पोहरा आपटल्याचा आवाज येत होता. मी काठावर उभी राहून बराच वेळ खाली बघत होते. म्हातारी म्हणाली, "ती नसती ना, तर आमी बी गाव सोडलं असतं." मी तिला सांगितलं, ती आली की सांगा, कर्जत येऊन गेली. आणि आले तशी परत गेले.

ती आली वैशाखात. मी कामावर होते, दुपारची वेळ. डोक्याला पदर गच्च बांधलेली एक उंच बाई बांधावरून चालत येताना दिसली. चालण्यावरून ओळखलं. मला उठता येईना. मोजणी बाकी होती, हातातलं काम सोडून गेले तर दिवस बुडाला असता. ती आली, माझ्या उजव्या हाताला बसली, आणि माझ्या शेजारणीचा रिकामा हातोडा उचलून दगड फोडायला लागली.

"फोडत फोडत बोलू," ती म्हणाली. "न्हाईतर तुझं मस्टर बुडंल."

आम्ही दिवस मावळेपर्यंत दगड फोडले आणि बोललो. विहिरीचं तिनं सांगितलं. मी सावलीचं सांगितलं. ती उठून लेकरांच्या मांडवात जाऊन आली, सांभाळणाऱ्या म्हातारीशी बोलून आली. "झकास केलंयस," म्हणाली. मग ती परत दगड फोडायला बसली.

"माझी मेंबरकी गेली," ती म्हणाली.

"का?"

"बैठकीला हजर न्हाई म्हनून. कशी असनार? बैठका दिवाळीनंतर, मी उसात. दुसरीला घातलं माझ्या जागी. ती चांगली हाय, पर तिला कुनी शिबिराला न्हाई धाडलं."

मी तिच्याकडं वळले. तिनंच हसून माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "पर कोपीवर बोलते मी. आमच्या टोळीत बायांच्या अंघोळीला आडोसा नव्हता. मुकादमाला इचारलं आन गप बसले. तुझ्या त्या साहेबासारखाच पुसायला लागला घाम."

ती त्या दिवशी आमच्याकडं राहिली. सासूबाईंनी तिला गरम भाकरी वाढली आणि आग्रह केला. सकाळी मी तिला फाट्यावर सोडायला गेले. तिच्या नवऱ्याला कारखान्यावर बैलगाडीचं कायमचं काम मिळणार होतं. आता गावात परत यायचं नाही, तिकडंच राहायचं, असं चाललं होतं. मी पत्ता विचारला. "कोपीला कसला पत्ता," ती म्हणाली. "मीच यीन. तुझं गाव कुठं पळून चाललंय." गाडी आली. ती चढली.

त्यानंतर ती आली नाही. काही वर्षं, दसऱ्यानंतर उसतोडीच्या बैलगाड्या आमच्या फाट्यावर पाण्याला थांबल्या की मी जायची आणि बायांना विचारायची, शेवगावकडची, उंच, सावळी, सभा घेणारी कुणी भेटली का. एकदा एक बाई म्हणाली, हां, हुती आमच्या शेजारच्या टोळीत. पण ती दुसरीच कुणीतरी निघाली. पुढं गाड्या दुसऱ्या रस्त्यानं जायला लागल्या.

मी पुष्कळ वर्षं मेंबर राहिले. एकदा उपसरपंच झाले. कितीतरी शिबिरांना गेले, पुण्याला गेले. पंखे असलेल्या खोल्या, छापील कागद, गळ्यात अडकवायच्या नावाच्या पट्ट्या. चांगलंच शिकवायचे. मीही तरुण पोरींना शिकवलं, विचारायचं आणि गप्प बसायचं. त्या माझ्यापेक्षा लवकर शिकल्या. बाई केव्हाच वारल्या, हे मला उशिरा कळलं.

आता नातवंडं विचारतात, आजी, तुला कुठं जायचं असलं तर सांग, गाडी आहे. मी त्यांना शेगाव म्हणते, तुळजापूर म्हणते, म्हणजे त्यांनाही बरं वाटतं. शेवगाव म्हणत नाही. तिथं ती नाही हे मला माहीत आहे. कुठल्याशा कारखान्याच्या आसऱ्यानं, असली तर, माझ्यासारखीच म्हातारी झाली असेल, गुडघे धरून उठत असेल. तिच्याशी फार काही बोलायचं उरलेलं नाही माझं. ती आली तर मी तिला भाकरी करून घालीन. नुसती बसली तरी चालेल.